जिभेवरचा पांढरा थर

लेकीच्या छातीतला आवाज तिच्याआधी मला ऐकू येतो. ती गाढ झोपेत असते. श्वास आत जाताना काही नसतं. बाहेर पडताना मात्र बारीक शीळ, बंद दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी. मी अंधारात मोजते. दहाव्या श्वासालाही शीळ असेल तर उठायचं, स्पेसरला, म्हणजे दम्याचं औषध श्वासातून ओढायच्या नळकांड्याला, निळा पंप लावायचा, तिला अर्धवट झोपेतच उशीला टेकवून बसवायचं. एक दाब, थोडं थांबून दुसरा. पंधरा-वीस मिनिटांत शीळ विरते आणि ती कूस बदलून झोपते. माझी झोप मात्र गेलेली असते.

अशाच एका रात्री मी तिची जुनी फाइल काढली. जन्मापासूनचे सगळे कागद तीत आहेत: लसींचं कार्ड, वजनाचा आलेख, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या. पहिल्या वर्षाचे कागद वेगळे केले आणि पेन्सिल घेऊन अँटिबायोटिकचे कोर्स मोजले. चार निघाले. तिसऱ्या कोर्सच्या पाठोपाठची एक चिठ्ठी होती, तिच्यावर फक्त तोंडात लावायचे थेंब लिहिलेले. ती पाहिली आणि इतक्या वर्षांनी एकदम आठवलं. तेव्हा तिच्या जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरा थर आला होता. दूध साचलं असेल म्हणून मी ओल्या कापडानं पुसायला गेले, तर निघेना. जिथे निघाला तिथे खाली लालबुंद. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "बुरशी आहे. अँटिबायोटिकनंतर होतं असं कधी कधी. घाबरू नका." आठवड्याभरात जीभ स्वच्छ झाली आणि मी ते विसरून गेले.

त्या रात्री चारही चिठ्ठ्यांपुढे मी पेन्सिलीनं एकेक प्रश्नचिन्ह काढलं. मग वाचायला लागले. मी डॉक्टर नाही, संशोधक नाही. पण ज्या आईची झोप उडाली आहे तिच्याइतका चिवट वाचक दुसरा कुणी नसतो.

*

ॲलर्जीसाठी मराठीत एक फार नेमकं क्रियापद आहे: सोसत नाही. "तिला धूळ सोसत नाही." शाळेत आपण शिकतो की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, रोगजंतू म्हणजे शत्रू. त्या हिशेबानं ॲलर्जी म्हणजे सैन्याची चूक, साध्या वाटसरूला शत्रू समजणं. ही उपमा मला आता पटेनाशी झाली आहे. धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू, मांजराच्या अंगावरून उडालेले कण, असं सगळं प्रत्येक श्वासागणिक आपल्या आत जात असतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत काहीही होत नाही. ते 'काहीही न होणं' आपोआप घडतं असं मी धरून चालले होते. तसं नाही. त्यामागे पेशींचं सतत चाललेलं काम आहे. शरीराला सोसायला शिकावं लागतं.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला, ग्रीकमधल्या 'दुसरं' आणि 'कार्य' या अर्थाच्या शब्दांवरून. त्यांना म्हणायचं होतं, एखाद्या गोष्टीशी गाठ पडल्यावर शरीराची बदललेली प्रतिक्रिया, मग ती हिताची असो वा अहिताची. पुढे चांगली बाजू गळून गेली आणि वाईट तेवढी उरली.

ती वाईट बाजू श्वासनलिकेत कशी दिसते हे एकदा समजून घेतलं की रात्रीच्या त्या शिळेचा अर्थ लागतो. धुळीतल्या माइटचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचा, एखादा कण श्वासनलिकेच्या अस्तरावर बसतो. तिथे पहारा देणाऱ्या डेन्ड्रायटिक पेशी तो उचलतात, जवळच्या लसिका-ग्रंथीत नेतात आणि टी पेशींना दाखवतात. यापुढे दोन वाटा. एक वाट अशी की टी पेशी शांत राहायला शिकतात, आणि त्यांतल्या काही इतरांना शांत ठेवणाऱ्या नियामक टी पेशी होतात. दुसऱ्या वाटेनं गेल्या तर त्या 'टीएच-२' नावाच्या प्रकारात मोडतात. मग त्या इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ असे निरोप सोडू लागतात. चौथ्या निरोपानं आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि मास्ट पेशींच्या पाठीवर जाऊन बसतात, ताणलेल्या स्प्रिंगसारखी. पाचव्यानं इओसिनोफिल पेशी जमतात. तेराव्यानं अस्तरातल्या चिकट द्राव करणाऱ्या पेशी वाढतात आणि नळीचा स्नायू आकसायला उतावीळ होतो. पुढच्या वेळी तोच कण आला की मास्ट पेशी फुटतात, हिस्टामिन ओतलं जातं, नळी आवळते. वारा त्याच फटीतून बाहेर यायला बघतो, आणि मी अंधारात मोजायला लागते.

ॲलर्जीची तक्रार मुळात या दोन वाटांच्या फाट्यावरची आहे. आणि कोणत्या वाटेनं जायचं, याचे पहिले धडे छातीत गिरवले जात नाहीत. ते पोटात गिरवले जातात.

*

पोटाचा आणि छातीचा काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. दोन गोष्टींनी माझी समजूत बदलली.

पहिली, गर्भातली. चौथ्या आठवड्यात भ्रूणाच्या अन्ननळीच्या आद्य नळीला समोरून एक कोंब फुटतो. तो खाली वाढतो, दुभंगतो, पुन्हा पुन्हा फांदत जातो, आणि त्याची फुफ्फुसं होतात. म्हणजे फुफ्फुस हे आतड्याच्याच नळीला फुटलेलं धुमार. दोघांचं अस्तर एकाच मुळाचं. 'आतड्याची माणसं' असं आपण सख्ख्यांना म्हणतो. फुफ्फुसाला ते शब्दशः लागू आहे.

दुसरी त्याहून साधी आहे, आणि मी तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. श्वासनलिकांच्या आत सूक्ष्म केसांचा गालिचा असतो. तो सतत हलत असतो आणि चिकट द्रावाचा थर वर, घशाकडे ढकलत असतो. त्यात अडकलेली धूळ, पराग, बीजाणू, सगळं वर येतं आणि आपण ते नकळत गिळतो. दिवसभर, झोपेतसुद्धा. श्वासातून जे आत गेलं त्यातलं बरंचसं शेवटी पोटातच पोचतं. छातीला जे भेटतं ते आतड्यालाही भेटतं, आणि आतड्याकडे अनोळखी गोष्टींशी जमवून घेण्याचा दांडगा सराव असतो. रोज आपण परक्या प्राण्या-वनस्पतींची प्रथिनं गिळतो आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडत नाही. तोंडावाटे गेलेल्या पदार्थाबद्दल सगळ्या शरीरात शांतता पसरते, याला वैद्यकात 'ओरल टॉलरन्स' म्हणतात. मी त्याला पोटानं घातलेली समजूत म्हणते.

आता यात जिवाणू कुठून आले? माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा २०१६ मधला एक काळजीपूर्वक केलेला हिशेब आहे. आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. हे जिवाणू बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, आणि सगळ्यांचं मिळून वजन जेमतेम २०० ग्रॅम. हे भाडेकरू काही कामाचे आहेत का हे बघायचं तर ते नसलेलं शरीर बघावं लागतं. प्रयोगशाळेत पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर असतात, त्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नसतो. जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की अशा उंदरांना तोंडावाटे प्रथिन दिलं तरी त्यांच्या टीएच-२ पेशी शांत व्हायला शिकत नाहीत. एका बिफिडोबॅक्टेरियमची वस्ती केली तर शिकतात, पण ती पिल्लू असताना केली तरच. मोठ्या उंदरात केली तर उपयोग होत नाही. २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. जिवाणूंविना वाढलेल्या उंदरांच्या रक्तात आयजीई आपोआप चढतं, कुठलीही ॲलर्जी करून न देता. ते खाली ठेवायला लहानपणी एकदोन प्रकारचे जिवाणू पुरत नाहीत, पुष्कळ प्रकारांची गर्दी लागते.

हे वाचल्यावर मी बराच वेळ काही वाचलं नाही. आयजीई वर जाणं म्हणजे काहीतरी बिघडणं, असं मी समजत होते. इथे तर उलटंच चित्र होतं. कुणी शिकवलं नाही तर शरीर आपणहून तिकडेच जातं.

*

आता त्या पांढऱ्या थराकडे येते.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मायरी नोव्हर आणि गॅरी हफनॅगल यांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एरवी उंदराला ॲलर्जी करायची तर बरीच खटपट लागते. आधी ते प्रथिन प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या द्रव्यासोबत पोटात टोचायचं, मग काही दिवसांनी नाकातून द्यायचं. नुसतं नाकातून दिलं तर उंदीर ते सोसतो. या दोघांनी टोचलं काहीच नाही. उंदरांना काही दिवस पिण्याच्या पाण्यातून अँटिबायोटिक दिलं. मग कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी एकदाच तोंडावाटे पोटात सोडली. आतड्यात जिवाणूंची भरवस्ती असेल तर या बुरशीला पाय रोवायला जागा मिळत नाही. वस्ती ओस पडलेली असली की ती पसरते. त्यानंतर या उंदरांच्या नाकात ॲस्परजिलस या दुसऱ्याच, हवेत सगळीकडे असणाऱ्या बुरशीचे बीजाणू घातले.

ज्यांना अँटिबायोटिक दिलं नव्हतं त्यांच्या फुफ्फुसांत फारसं काही घडलं नाही. ज्यांना दिलं होतं त्यांच्या फुफ्फुसांत इओसिनोफिल, मास्ट पेशी, चिकट द्राव, इंटरल्यूकिन ५ आणि १३, रक्तात आयजीई, असं दम्याचं सगळं साहित्य हजर झालं. बदल केला होता तो आतड्यात, आणि पेटलं फुफ्फुस. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या जातीचे उंदीर आणि बुरशीशी संबंध नसलेलं प्रथिन घेऊन हाच खेळ पुन्हा मांडला, निकाल तसाच आला. ज्या उंदरांत इंटरल्यूकिन-१३ नव्हतंच त्यांच्यात मात्र हे घडलं नाही.

बुरशी पोटात बसून छातीपर्यंत निरोप कसा पाठवते? त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या गटानं २०१४ मध्ये एक धागा पकडला. अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजलेल्या कॅन्डिडामुळे रक्तात प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे द्रव्य वाढतं. ते फुफ्फुसात पोचतं आणि तिथल्या भक्षक पेशींना ॲलर्जीच्या बाजूनं वळवतं. बुरशीविरोधी औषध दिलं, किंवा प्रोस्टाग्लँडिन अडवलं, तर ते वळणं थांबतं.

मी हे वाचत होते आणि डोळ्यांसमोर ती जीभ होती. आठवड्याभरात स्वच्छ झालेली. जीभ दिसते म्हणून आपण थेंब घालतो. आत, जिथे कुणी टॉर्च मारून बघत नाही, तिथे तेव्हा काय चाललं होतं? अर्थात हा माझा उंदरावरून माणसावर मारलेल्या उडीचा प्रकार आहे, आणि तो शास्त्राला धरून नाही हे मला कळतं. कळतं, पण रात्री दोन वाजता वळत नाही.

*

मिशिगनच्या उंदरांपेक्षा मला जास्त छळलं ते कॅनडातल्या बाळांनी.

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ब्रेट फिनले यांच्या गटानं २०१२ मध्ये उंदरांना व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. हे औषध तोंडावाटे घेतलं तर रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, आतड्यातच राहतं. म्हणजे जो काही परिणाम होईल तो तिथल्या वस्तीमार्फतच. जन्माच्या आसपास औषध मिळालेल्या पिल्लांना पुढे दमा तीव्र झाला. तेच औषध मोठ्या उंदरांना दिलं तर फरक पडला नाही. स्ट्रेप्टोमायसिननं लहानपणीही विशेष काही केलं नाही. तेव्हा 'अँटिबायोटिक वाईट' असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. कुठलं, कधी, आणि त्यानं कुणाला हाकललं हे महत्त्वाचं.

मग २०१५ मध्ये त्याच गटानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१९ बाळांच्या शीचे नमुने तपासले. ज्या बाळांना वर्षाच्या वयात घरघर आणि ॲलर्जीचा कल दोन्ही होते, त्यांच्या तिसऱ्या महिन्याच्या नमुन्यांत चार प्रकारचे जिवाणू कमी होते: लॅक्नोस्पायरा, व्हेलोनेला, फीकॅलिबॅक्टेरियम आणि रोथिया. पहिल्या शंभर दिवसांतला हा फरक वर्षाच्या वयापर्यंत बहुतेक पुसला गेला होता. वस्ती भरून आली होती. पण दम्याच्या धोक्याची खूण तोवर उमटून गेली होती. त्या गटानं पुढे एका अशा बाळाची शी निर्जंतुक उंदरांत सोडली, काहींना नुसती, काहींना हे चार जिवाणू घालून. चार जिवाणू मिळालेल्या उंदरांची पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्या फुफ्फुसांतली सूज कमी होती.

शंभर दिवस. लेक शंभर दिवसांची असताना आम्ही तिच्या बोटांचे ठसे कागदावर घेतले होते. पहिला कोर्स झाला तेव्हा ती सत्तर दिवसांची होती.

या जिवाणूंचं नेमकं करणं तरी काय? आपल्याला न पचणारा चोथा ते खातात आणि त्यापासून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लहान आम्लं तयार करतात. ही रक्तात शिरतात, फिरतात. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला बेन्जामिन मार्सलँड यांच्या गटानं २०१४ मध्ये उंदरांना चोथा कमी-जास्त देऊन पाहिला. तंतुमय आहारावरच्या उंदरांना धुळीतल्या माइटचा त्रास कमी झाला. मला थक्क केलं ते पुढच्या भागानं. प्रोपिओनेट फुफ्फुसात जाऊन तिथे काही शांत करत नव्हतं. ते अस्थिमज्जेत, जिथे रक्ताच्या पेशी जन्मतात तिथे, काम करत होतं. तिथून निघणाऱ्या डेन्ड्रायटिक पेशी मग फुफ्फुसात गेल्यावर टीएच-२ पेशींना भडकवण्यात कच्च्या पडत. म्हणजे पहारेकरी नोकरीवर रुजू व्हायच्या आधीच त्यांच्या कानात कुणीतरी सांगून ठेवतं: धुळीवरून भांडू नकोस.

*

इथवर येईपर्यंत माझा खटला तयार झाला होता. आरोपी मी, पुरावे चार चिठ्ठ्या. शिक्षाही मीच ठरवून टाकली होती.

मग मला खटल्यातली पोकळी दिसायला लागली. उंदराच्या पिंजऱ्यात संशोधक एकच गोष्ट बदलतो. माझ्या घरात काय काय बदलत होतं? तिच्या वडिलांना लहानपणी बाळदमा होता. ती एकुलती आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटनमधल्या १७,४१४ मुलांच्या नोंदी पाहून दाखवलं होतं की घरात मोठी भावंडं जितकी जास्त तितका परागज्वर कमी. तिला भावंडं देण्याचं काम आम्ही केलं नाही, तर तोही गुन्हा धरायचा का? अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचं मूळ जवळचं, राहणी पुष्कळ सारखी. तरी शाळकरी मुलांतला दमा आमिशांत ५.२ टक्के आणि हटराइटांत २१.३ टक्के. आमिश अजून घराजवळच्या गोठ्यातल्या जनावरांवर शेती करतात, हटराइट यंत्रांवर. २०१६ मध्ये त्यांच्या घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली गेली आणि आमिश धुळीनं उंदरांचं रक्षण केलं. ही कथा थेट नाकातून आत जाते, आतड्याला वळसा घालून. तेव्हा सगळं खापर पोटावर फोडणंही बरोबर नाही.

आणि सर्वांत मोठी पोकळी काळाच्या उलटसुलट होण्याची. ज्या बाळाच्या छातीत आधीपासूनच काही खुट्ट आहे त्यालाच खोकला जास्त, ताप जास्त, घरघर जास्त. म्हणून त्यालाच अँटिबायोटिक जास्त. पुढे दमा ठरला की आपण मागे वळून औषधाकडे बोट दाखवतो. कारण आणि परिणाम यांनी जागा बदललेल्या असू शकतात. स्वीडनमध्ये २०१४ मध्ये जवळपास पाच लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि सख्ख्या भावंडांची एकमेकांशी तुलना केली गेली. गरोदरपणी आईनं घेतलेल्या अँटिबायोटिकचा आणि बाळाच्या दम्याचा संबंध त्या तुलनेत नाहीसा झाला. श्वसनाच्या आजारांसाठी बाळाला दिलेल्या औषधांचा संबंध बराच ओसरला. त्वचा आणि मूत्रमार्गाच्या आजारांसाठी दिलेल्यांचा तर उरलाच नाही.

हा अभ्यास वाचून मी त्या रात्री शांत झोपले. दुसऱ्या दिवशी कॅनडाचे २०२० मधले आकडे वाचले आणि पुन्हा उठून बसले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००० ते २०१४ या काळात तान्ह्या बाळांना अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, आणि त्याच काळात १ ते ४ वर्षांच्या मुलांत नव्यानं दमा ठरण्याचं प्रमाण हजारी २७.३ वरून २०.२ वर उतरलं. त्याच संशोधकांनी देशभरातल्या अडीच हजारांहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावाही तपासला होता. पहिल्या वर्षात एकही कोर्स न झालेल्यांत पाच वर्षांच्या वयात दमा ५.२ टक्के, एक झालेल्यांत ८.१, दोन झालेल्यांत १०.२, तीन किंवा जास्त झालेल्यांत १७.६. श्वसनाच्या तक्रारींसाठी औषध मिळालेली मुलं वगळली तरी संबंध टिकला, आणि मधला दुवा म्हणून आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य पुढे आलं.

१७.६. आमची रांग ती. पण त्याच रांगेतल्या शंभरांपैकी ब्याऐंशी-त्र्याऐंशी मुलांना दमा नाही, हेही तिथेच लिहिलेलं होतं. आकड्याची ही दुसरी बाजू वाचायला मला दोन दिवस लागले.

*

मधल्या काळात जिवाणूंच्या पुड्याही आणल्या. कोट्यवधी जिवंत जिवाणू, असं पाकिटावर छापलेलं असतं, जणू जास्त शून्यं म्हणजे जास्त औषध. एका नातेवाइकांनी आग्रह केला, मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला कुणीतरी आग्रह करायला हवाच होता. नंतर वाचलं की गरोदरपणी किंवा तान्हेपणी असे जिवाणू दिल्यानं दमा टळतो का, याच्या चाचण्यांचं एकत्र विश्लेषण २०१३ मध्येच झालं होतं आणि टळतो असा पुरावा मिळाला नव्हता. तसंही शंभर दिवसांच्या वर्गात जे शिकवायचं ते सातव्या वर्षी पाकिटातून शिकवता येईल, ही आशाच होती. पुड्या संपल्या, पुन्हा आणल्या नाहीत. नातेवाइकांना अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टरांना मात्र फाइल दाखवली. हे डॉक्टर वेगळे, आताचे. प्रश्नचिन्हांसकट चिठ्ठ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी तारखा पाहिल्या. दोन चिठ्ठ्या सर्दी-तापाच्या होत्या, एक कानाच्या दुखण्याची. त्यांवर ते काही बोलले नाहीत. पहिली, सत्तराव्या दिवसाची, हातात घेऊन थांबले. तिच्यामागे छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट टाचलेला होता.

"हा न्यूमोनिया होता," ते म्हणाले. "हा कोर्स दिला नसता तर आज तुम्ही माझ्याकडे दम्यासाठी आला नसता."

वाक्याचा अर्थ मला जरा उशिरा लागला. त्यांनी टेबलावरचं खोडरबर माझ्याकडे सरकवलं. मी एक प्रश्नचिन्ह खोडलं. बाकीची तीन तशीच आहेत.

*

सकाळी तिचा दुसरा पंप असतो, रोजचा, स्टेरॉइडचा. रात्रीचा निळा पंप आवळलेली नळी सैल करतो. हा सकाळचा पंप अस्तराची सूज उतरवतो, म्हणजे टीएच-२ पेशींच्या त्या निरोपांना खालच्या पट्टीत आणतो. स्पेसरमधून दोन दाब, प्रत्येकी पाच-सहा संथ श्वास. मग लगेच ब्रश आणि चूळ, यात सूट नाही. औषधाचा अंश तोंडात राहिला तर तिथली राखण सैल होते आणि कॅन्डिडा जिभेवर पांढरा थर धरते. तीच बुरशी, इतक्या वर्षांनी, दुसऱ्या दारानं. इन्हेलरच्या माहितीपत्रकात हे अगदी बारीक अक्षरात असतं आणि लेकीला ते फार मोठ्या आवाजात रोज ऐकावं लागतं.

"चूळ भर."

"भरली."

"नीट भर. घशापर्यंत."

"आई, भरली म्हटलं ना."

"आ कर बघू."

ती वैतागून तोंड उघडते. मी तिला खिडकीच्या उजेडात वळवते. जीभ गुलाबी. टाळू स्वच्छ. डावीकडे, मागच्या दाढेशी, गालाच्या आतून पांढरं काहीतरी. माझा हात तिच्या हनुवटीवर घट्ट होतो.

"काय झालं?" ती तोंड उघडं ठेवूनच विचारते.

मी बोट घालून पुसते. सहज निघतं. टूथपेस्ट आहे.